दारूबंदीच्या जिल्ह्यातली दारू

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ च्या एप्रिलमध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. एवढं सांगून झालं की मी मुद्द्यावर यायला मोकळा, कारण आजचा विषय ती दारू नाहीच :-) विषय आहे दुसरी दारू. दारूगोळ्यातली, दारूकामातली. फटाक्यांना सरकारी मराठीत अजूनही 'शोभेची दारू' म्हणतात, त्यातली. मुंबईत रे रोडजवळ दारूखाना नावाची जागा आहे, तिथे आज जहाजं तोडतात, पण नाव पडलं ते बंदुकीच्या दारूमुळे. पिण्याच्या दारूवर ह्या दोन जिल्ह्यांत बंदी आली, गेली, पुन्हा चर्चेत आली. ह्या दुसऱ्या दारूचा मात्र तिथे दीडशे वर्षं मुक्काम आहे, आणि कुणी तो हलवलेला नाही.

ह्या विषयाकडे मी वळलो ते एका अगदी निरुपद्रवी प्रश्नामुळे. अमेरिकेत दोन-चार वर्षं काढून आलेल्या आयटीतल्या बऱ्याच जणांनी तिकडे मॉडेल रॉकेट उडवलेलं असतं. पुठ्ठ्याची नळी, बाल्साचे पंख, प्लास्टिकचं टोक, आत पॅराशूट. खाली बोटाएवढी मोटर. दुकानात तीन-तीनच्या पाकिटात मिळते. बटण दाबलं की रॉकेट काहीशे फूट वर जातं, पॅराशूट उघडतं, पोरं मैदानभर धावतात. मग हेच इथे पुण्यात किंवा नागपुरात करायला काय हरकत आहे? नळी मिळते, बाल्सा मिळतो, आल्टिमीटर तर ऑनलाईन दोन दिवसांत येतो. अडतं ते त्या बोटाएवढ्या मोटरवर. ती बॅगेतून आणता येत नाही, टपालानं येत नाही, कुरियरवाला हात लावत नाही. का?

"सरकारी कारभार, दुसरं काय" हे उत्तर सोपं आहे. मलाही आधी तेच वाटलं असतं. पण ह्या 'का'चा माग काढत गेलं तर रस्ता लंडनच्या कालव्यातून, टिळकांच्या खटल्यातून, मुंबईच्या गोदीतून निघून भद्रावतीला पोचतो. तेव्हा जरा निवांत बसा, चहा घ्या.

सुरुवात १८७४ ची. २ ऑक्टोबरच्या पहाटे लंडनच्या रीजंट्स पार्कजवळच्या कालव्यातून 'टिलबरी' नावाची एक माल-होडी चालली होती. होडीवर इतर सामानाबरोबर बंदुकीची दारूही होती आणि खनिज तेलही. पुलाखाली असतानाच ती उडाली. पूल गेला, होडीवरची माणसं गेली, आजूबाजूच्या श्रीमंत वस्तीच्या काचा गेल्या. (काचा श्रीमंतांच्या फुटल्या की कायदे लवकर होतात, हा सार्वकालिक अनुभव.) पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, इंग्लंडात स्फोटकांचा सर्वंकष कायदा आला. त्याच वळणावर हिंदुस्थानात १८८४ चा चौथा कायदा झाला, म्हणजेच आपला एक्स्प्लोझिव्ह्ज ॲक्ट. गंमत म्हणजे हा कायदा आजही लागू आहे. मध्ये दुरुस्त्या झाल्या, पण पाया तोच.

त्या कायद्यातली 'स्फोटक' ह्या शब्दाची व्याख्या एकदा मुद्दाम वाचण्यासारखी आहे. प्रोग्रॅमरला ती ओळखीची वाटेल, कारण ती एखाद्या घाबरलेल्या माणसानं लिहिलेल्या इफ-कंडिशनसारखी आहे: हे, किंवा ते, किंवा तसलं काहीही. बंदुकीची दारू, नायट्रोग्लिसरीन वगैरे नावं घेऊन झाल्यावर ती म्हणते की स्फोटाचा प्रत्यक्ष उपयोग किंवा आतषबाजीचा परिणाम साधण्यासाठी बनवलेला कुठलाही पदार्थ ह्यात येतो. मग समावेशाची यादी येते. त्यात धुक्यातले रेल्वेचे इशारा-फटाके आहेत, वाती आहेत, काडतुसं आहेत. आणि त्याच यादीत 'रॉकेट' हाही शब्द आहे. १८८४ साली गॉडर्ड दोन वर्षांचा होता आणि अवकाशात जायचं स्वप्न कादंबऱ्यांत होतं. त्या काळी रॉकेट म्हणजे लष्कराचं हत्यार, जहाजाचा इशारा नाहीतर दारूकाम. आपल्या बखरींत ज्याला 'बाण' म्हणतात तेच. त्या एका शब्दात पुढे थुंब्यापासून पोरांच्या पुठ्ठ्याच्या नळीपर्यंत सगळं येणार आहे, हे लिहिणाऱ्याच्या गावीही नसणार.

कायदा झाला त्या सुमारास चांदा जिल्ह्यात (चंद्रपूर हे नाव नंतरचं, गडचिरोली तर १९८२ मध्ये वेगळा झाला) वरोऱ्याला सरकारी कोळशाची खाण चालू होती. वरोरा म्हटलं की आपल्याला आनंदवन आठवतं, पण त्याच्या कितीतरी आधी, १८७० च्या दशकात, तिथे कोळशासाठी रेल्वे गेली होती. कोळसा सुरुंगानं सुटा करायचा म्हणजे दारू आली. दारू आली म्हणजे कोठार आलं. खाणवाले आजही त्याला 'मॅगझिन' म्हणतात, आणि दहातल्या नऊ जणांना त्यावर साप्ताहिक आठवतं. (मूळ अरबी शब्द 'मखझन', म्हणजे कोठार. नियतकालिकाला तो नंतर लागला, म्हणजे खाणवाल्यांचा हक्क आधीचा.)

इथपर्यंतचा कायदा सुरक्षिततेचा. चुकून उडू नये, उडालंच तर शेजारी मरू नयेत, एवढाच त्याचा हेतू. १९०८ मध्ये त्याला दुसरा भाऊ झाला, आणि तो वेगळ्या जातीचा होता.

३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपूरला बाँब पडला. ८ जूनला सरकारनं एकाच दिवशी दोन कायदे केले: एक स्फोटक पदार्थांचा, दुसरा वर्तमानपत्रांचा. जोडी लक्षात घ्या. बाँब आणि छापलेला शब्द ह्यांचा बंदोबस्त एकाच बैठकीत. दुसऱ्याच दिवशी, ९ जूनच्या केसरीत, टिळकांचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा अग्रलेख आला. त्यातला एक मुद्दा, आज वाचला तर, चक्क तांत्रिक आहे. बंदुका-तोफा करायला कारखाना लागतो, म्हणून शस्त्रांचा कायदा त्यांच्यावर चालतो. बाँब ही मुळात माहिती आहे, आणि माहितीला कुलूप लावता येत नाही, असा त्याचा आशय. सोर्स कोड आणि बायनरी ह्यांतला फरकच तो. २४ जूनला टिळकांना अटक झाली. झडतीत एक पोस्टकार्ड सापडलं, त्यावर स्फोटकांवरच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावं लिहिलेली होती. सरकारी पक्षानं ते पुराव्यात आणलं. टिळकांचं म्हणणं असं की नव्या कायद्यातली स्फोटकांची व्याख्या तपासून टीका करायची तर पुस्तकं पाहायला नकोत का? २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडाले.

शिक्षा काही त्या पोस्टकार्डामुळे झाली नाही, अग्रलेखांमुळे झाली. तरीपण मला ते पोस्टकार्ड महत्त्वाचं वाटतं. कारण तेव्हापासून ह्या देशात स्फोटकांविषयी दोन प्रश्न एकत्र मिसळले गेले: 'हे चुकून उडेल का' आणि 'हा माणूस मुद्दाम उडवेल का'. पहिल्याचं उत्तर भौतिकशास्त्र देतं. दुसऱ्याचं उत्तर पोलीस ठाणं देतं. रॉकेटचा छंद असलेल्या माणसाला दोन्ही रांगांत उभं राहावं लागतं.

आता पहिल्या प्रश्नाचं शास्त्र. ते आपल्याला फार महागात शिकायला मिळालं, १४ एप्रिल १९४४ ला. 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज इंग्लंडहून कराचीमार्गे मुंबईला आलं आणि व्हिक्टोरिया गोदीत लागलं. त्यावर सुमारे १४०० टन दारूगोळा आणि स्फोटकं होती. कराचीत त्यावर कापसाच्या हजारो गाठी चढवल्या. शिवाय लाकूड, गंधक, वंगणतेल. शिवाय सोन्याच्या विटा. कापूस आणि स्फोटकं एकाच खणात, खालीवर. कप्तानाला हे मुळीच पसंत नव्हतं, पण युद्धकाळ होता, जहाजं कमी आणि माल जास्त. दुपारी कापसातून धूर दिसला. कापसाची आग ही विचित्र चीज असते. आतल्या आत धुमसते, पाणी आत पोचत नाही. धोकादायक माल असल्याचा लाल बावटाही जहाजावर नव्हता, त्यामुळे आजूबाजूची जहाजं आपापल्या कामात. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा, आधीच्यापेक्षा मोठा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. मेलेल्यांचे आकडे ८०० पासून १३०० पर्यंत सांगितले जातात. युद्धातली सेन्सॉरशिप आणि गोदीतले बिननोंदीचे मजूर, दोन्हींमुळे नेमका आकडा मिळत नाही. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आपला अग्निशमन सेवा सप्ताह दरवर्षी १४ एप्रिलला सुरू होतो तो ह्याच कारणानं. सोन्याच्या विटा पुढे अनेक वर्षं गाळ काढताना सापडत राहिल्या, आणि मुंबईकरांना तेवढीच गोष्ट पाठ असते.

ह्या स्फोटाची जागा आणि दारूखाना ह्यांत अंतर फारसं नाही, हे जाता जाता.

फोर्ट स्टिकीनवर जे एका खणात गेलं ते एका खणात जायला नको, हे आज एका अक्षरावरून कळतं. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या शिफारशी १९५६ मध्ये पहिल्यांदा निघाल्या, त्यांना मुखपृष्ठाच्या रंगावरून 'ऑरेंज बुक' म्हणतात. त्यात स्फोटकं म्हणजे वर्ग १. त्याच्या पुढचा आकडा सांगतो की पेटलं तर काय होईल: १.१ म्हणजे सगळा साठा एकदम उडेल, १.२ म्हणजे तुकडे लांब उडतील, १.३ म्हणजे मुख्यतः आग, १.४ म्हणजे खोक्याच्या बाहेर फारसं काही नाही. आकड्यापुढे एक अक्षर. ते शेजारी कोण चालेल हे सांगतं. बी म्हणजे डिटोनेटर जातीचा माल, सी म्हणजे प्रणोदक, म्हणजे ढकलणारी दारू, डी म्हणजे मुख्य स्फोटक, जी म्हणजे आतषबाजी, एस म्हणजे इतकं नीट बांधलेलं की शेजाऱ्याला धग लागणार नाही. प्रवासी विमानात फक्त १.४ एस जाऊ शकतं, तेही मालाच्या पोटात, कागदपत्रांसह. प्रवाशाच्या बॅगेत अशी मोटर चालत नाही.

छंदाच्या मोटरी ह्या पट्टीवर कुठे बसतात? लहान असतील तर १.४ मध्ये, मोठ्या असतील तर १.३ सी मध्ये. सगळा साठा एकदम उडेल असा माल तो नव्हे. पण विमानाच्या पोटात आग म्हणजे काय हे सांगायला नको. आणि बांधणी बदलली की अक्षर बदलतं, हे लक्षात ठेवा. मोटर तीच, पण उघड्या पिशवीत टाकलेली आणि चाचणी झालेल्या खोक्यात भरलेली ह्या कायद्याच्या दृष्टीनं दोन वेगळ्या वस्तू आहेत. पॅकेजिंग हा मालाचाच भाग आहे. हे एकदा डोक्यात शिरलं की "एकच तर मोटर आहे हो" हा युक्तिवाद का चालत नाही ते कळतं.

आता साठवण. इथे आपण भद्रावतीला येतो.

चंद्रपूरहून नागपूरच्या रस्त्यानं पंचवीस-तीस किलोमीटरवर भद्रावती, म्हणजे जुनं भांदक. जैन मंदिर, विजासनची लेणी आणि कोळसा, अशी गावाची ओळख. १९६२ च्या चीन युद्धानंतर देशात दारूगोळ्याची क्षमता वाढवायचं ठरलं, त्या लाटेत त्या दशकात इथे आयुध निर्माणी उभी राहिली. जिल्ह्याचं नाव बदललं पण कारखान्याचं नाव 'ऑर्डनन्स फॅक्टरी चांदा' असंच राहिलं. २०२१ च्या ऑक्टोबरात जुनं आयुध निर्माणी मंडळ मोडलं आणि हा कारखाना म्युनिशन्स इंडिया ह्या सरकारी कंपनीकडे गेला. इथलं मुख्य काम भरण्याचं, म्हणजे दुसरीकडून आलेल्या कवचांत दारू भरणं.

असा कारखाना जंगलाला लागून का बांधतात? गुपित राखायला, असं आपण म्हणतो. ते असेलही. पण मोठं कारण घनमूळ आहे.

स्फोटाचा हवेचा धक्का किती लांब जाईल हे दारूच्या वजनाच्या घनमुळावर ठरतं. वजन आठपट केलं तर धोक्याचं अंतर आठपट होत नाही, दुप्पट होतं. बऱ्याच देशांच्या लष्करी नियमांत १.१ वर्गाच्या मोठ्या साठ्यापासून वस्तीपर्यंतचं अंतर काढायला किलोग्रॅममधल्या वजनाचं घनमूळ घेऊन त्याला २२.२ नं गुणतात, उत्तर मीटरमध्ये. ८ टन साठा असेल तर ४४४ मीटर. ६४ टन असेल तर ८८८ मीटर. वरवर पाहिलं तर एकाच मोठ्या कोठारात सगळं ठेवणं फायद्याचं वाटतं, कारण जमीन कमी लागते. पण मग एका ठिणगीत सगळं जातं. म्हणून माल तोडून ठेवायचा, दोन कोठारांत अंतर सोडायचं, मध्ये मातीचे बांध घालायचे, म्हणजे एक उडालं तरी दुसऱ्याला कळू नये. डिटोनेटर तर मुख्य स्फोटकाच्या खोलीत कधीच नाही. विजेपासून बचावाचे दांडे, ठिणगी न पडणारी अवजारं, खिळ्यांच्या बुटांना बंदी. सर्व्हर फार्म बांधणाऱ्यांना हे तत्त्व ओळखीचं वाटेल, फक्त इथे डेटा सेंटर पडलं की माणसं मरतात.

ह्या घनमुळाचा एक परिणाम मला फार आवडतो. कुणी राहू नये म्हणून सोडलेल्या मोकळ्या जमिनीवर झाडं वाढतात, आणि झाडांत जनावरं येतात. भद्रावतीच्या निर्माणीच्या आवारात वाघ-बिबटे दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. ताडोबा जवळ आहे. सूत्र माणसांसाठी काढलं, आणि त्याचा फायदा वाघानं घेतला.

पण अंतराचं सूत्र कुंपणाबाहेरच्यांना वाचवतं. आत काम करणाऱ्याला ते वाचवत नाही. विदर्भाचा नकाशा काढून गेल्या काही वर्षांतल्या तारखा त्यावर मांडा. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर वर्ध्याजवळच्या पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात आग लागली, दोन लष्करी अधिकारी आणि आग विझवायला गेलेले डझनाहून जास्त कर्मचारी गेले. २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावजवळच सोनेगावला जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, सहा जण गेले, त्यांत बहुतेक ठेकेदाराकडचे आसपासच्या गावांतले मजूर. १७ डिसेंबर २०२३ ला नागपूरजवळ बाजारगावच्या कारखान्यात नऊ जण, त्यांत सहा बायका. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत आठ जण. ह्यातल्या एकाही ठिकाणी आजूबाजूचं गाव उडालं नाही. म्हणजे घनमूळ बरोबर निघालं. मेली ती माणसं सूत्राच्या आतली होती, रोजंदारीवर किंवा पाळीवर. ह्या बातम्या पुण्या-मुंबईच्या आवृत्तीत आतल्या पानावर जातात, आणि दुसऱ्या दिवशी नसतात.

आणि ह्या सगळ्यावर देखरेख करणारं खातंही विदर्भातच आहे. १८९८ मध्ये सुरू झालेला स्फोटक विभाग, आजचं नाव 'पेसो', त्याचं मुख्यालय नागपूरला आहे. फटाक्याच्या कारखान्यापासून पेट्रोल पंपापर्यंत आणि गॅस सिलिंडरपर्यंत सगळे परवाने ह्यांच्या अखत्यारीत. १८८४ च्या कायद्याखालचे नियम १९१४, १९४०, १९८३ आणि २००८ असे चार वेळा नव्यानं लिहिले गेले. २००८ चे आज चालू आहेत.

आता गडचिरोली. इथे दुसरा प्रश्न, पोलीस ठाण्याचा, पुढे येतो.

कोळशाच्या खाणीला, रस्त्याच्या दगडखाणीला, विहिरीच्या सुरुंगाला स्फोटकं लागतातच. ती गाडीतून जातात. गाडी जंगलातून जाते. ज्याच्या हाती ती पडतील त्याच्याकडे भूसुरुंग असेल. शेजारच्या दंतेवाड्यात फेब्रुवारी २००६ मध्ये माओवाद्यांनी हिरोलीच्या खाणीचं स्फोटकांचं कोठारच लुटलं, राखणीचे आठ जवान मारले आणि कित्येक टन माल नेला. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगानं पोलिसांची खासगी गाडी उडवली. पंधरा जवान आणि गाडीचा चालक गेला. हे सगळे दिवस आठवले की कोठाराच्या वहीत एक-एक डिटोनेटर का मोजतात, वाहतुकीचा पास का लागतो, गाडीची वर्दी पोलिसांना का द्यावी लागते, हे विचारायची गरज उरत नाही.

नियम ह्या घटनांच्या मागोमाग कडक होत गेले. जुलै २०११ मध्ये मुंबईत स्फोट झाले, त्याच महिन्यात अमोनियम नायट्रेट, जे तोवर बऱ्याच अंशी खताचं रसायन म्हणून फिरत होतं, स्फोटक जाहीर झालं आणि २०१२ मध्ये त्याचे वेगळे नियम आले. १ एप्रिल २०२५ पासून साधे इलेक्ट्रिक डिटोनेटर बंद झाले. बॅटरीच्या दोन तारा लावल्या की उडणारी वस्तू नको, सांकेतिक आज्ञा मिळाल्याशिवाय न उडणारा इलेक्ट्रॉनिक डिटोनेटर हवा, असा विचार. (ऑथेंटिकेशन नसलेला एपीआय शेवटी बंद केला, असं आपल्या भाषेत.) मला हा निर्णय पटतो. लहान दगडखाणवाल्याचा खर्च वाढतो, तरीही पटतो.

मग छंदाचं काय?

अमेरिकेत हाच पेच दुसऱ्या बाजूनं सुटला. १९५७ मध्ये स्पुटनिक गेला आणि तिकडच्या पोरांना रॉकेटचं वेड लागलं. ती तळघरात नळ्यांत दारू ठासू लागली, बोटं गमावू लागली. नेब्रास्कातला बुटांचा दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल ह्यानं १९५४ च्या सुमारास एक तयार मोटर आणि पुठ्ठ्याचं रॉकेट बनवलं होतं. हॅरी स्टाइन हा व्हाइट सँड्सला रॉकेटच्या सुरक्षेचं काम करणारा माणूस, त्याच्या लक्षात आलं की पोरांना थांबवता येणार नाही, पण ठासण्याचं काम त्यांच्या हातून काढून घेता येईल. मोटर कारखान्यात बनेल, पोर फक्त रॉकेट बनवेल. व्हर्न एस्टेस ह्यानं १९५८ पासून यंत्रानं मोटरी बनवायला सुरुवात केली. मोटरींना अक्षरं आहेत, ए, बी, सी, आणि प्रत्येक अक्षराला जोर दुप्पट. ए म्हणजे २.५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, बी ५, सी १०. दोनच्या घातांक आपल्याला शिकवायला नकोत.

वर सरकत गेलं की मोटर मोठी होते आणि आतली दारूही बदलते. अमोनियम परक्लोरेटचा रबरात बांधलेला घन इंधनगोळा, स्पेस शटलच्या बूस्टरच्या घराण्यातला. अमेरिकेच्या एटीएफ ह्या खात्यानं त्याला स्फोटकांच्या यादीत घातलं होतं, त्यामुळे मोठी मोटर घरी ठेवायला परवाना आणि कोठार लागू लागलं. एका गोळ्यात ६२.५ ग्रॅमपर्यंतच सूट. छंदवाल्यांच्या दोन संघटना २००० मध्ये कोर्टात गेल्या. त्यांचं म्हणणं सोपं होतं: हे जळतं, स्फोट पावत नाही, खात्यानं जळण्याचा वेग मोजून दाखवावा. २००६ मध्ये अपिलात कोर्टानं खात्याला पुरेसं कारण द्यायला सांगितलं, आणि मार्च २००९ मध्ये न्यायाधीश रेजी वॉल्टन ह्यांनी ते वर्गीकरण रद्द केलं. नऊ वर्षं, एका मोजमापासाठी. पण ह्या निकालानं सुटला तो फक्त साठवणीचा प्रश्न. वाहतुकीचे नियम वेगळ्या खात्याचे, ते तसेच राहिले. म्हणजे तिकडेही घरात ठेवायला मोकळीक असलेली मोटर टपालात टाकताना पुन्हा धोकादायक माल होते. आपल्याकडच्या चर्चांत लोक हे दोन प्रश्न नेहमी एकत्र करतात.

आपल्याकडे वर्गांची आखणी तीन गिऱ्हाइकांभोवती झाली: खाण, लष्कर, दिवाळी. शिकण्यासाठी रॉकेट उडवणारा चौथा माणूस त्यात कुणी कल्पिला नाही. त्यामुळे एक विनोदी परिस्थिती तयार झाली आहे. काचेच्या बाटलीत ठेवून उदबत्तीनं पेटवायचा बाण, जो कुणाच्या गॅलरीत शिरेल हे बनवणाऱ्यालाही माहीत नाही, तो शोभेची दारू म्हणून परवानाधारक दुकानात कायदेशीर मिळतो. जोर मोजलेली, पाच-सात मीटरवरून विजेनं पेटवायची, पॅराशूटनं परत येणारी मोटर मात्र मिळत नाही. पिनाका रॉकेटचं संशोधन पुण्यात झालं, ती बनतात नागपूरच्या आसपास, आणि त्याच नागपुरातल्या इंजिनियरिंगच्या पोराला बोटाएवढी मोटर हवी असेल तर युट्यूबवरून साखर वितळवण्याचा मोह होतो. १९५७ च्या अमेरिकन तळघराचीच ही परिस्थिती आहे. साखर वितळवू नका. हौसेनं दारू बनवणं १८८४ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि १९०८ चा भाऊ तर त्याहून तापट. पण त्याआधी ते बोटांसाठी वाईट आहे.

माझं मत विचाराल तर, आपण कायदा सैल करायची गरज नाही. एक खिडकी वाढवायची गरज आहे. कारखान्यात बनलेली, तपासलेली, आकड्यानं आणि अक्षरानं ओळखता येणारी लहान मोटर. ती कॉलेजच्या किंवा क्लबच्या नावावर. साठा छोटा, वही साधी, आणि वाहतूक परवान्याच्या गाडीतूनच. वरच्या दोन्ही प्रश्नांना ह्यात उत्तर आहे, कारण क्रमांक असलेली वस्तू हरवली तर कळतं. मोठ्या मंडळींच्या पातळीवर थोडी हालचाल दिसतेही आहे. इन-स्पेस ह्या सरकारी संस्थेनं २०२५ मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगरला देशभरच्या विद्यार्थ्यांची मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅट स्पर्धा भरवली. रॉकेट पोरांचं, उड्डाणाची जागा आणि देखरेख जाणकारांची. स्टाइनची युक्ती सत्तर वर्षांनी आपल्याकडे आली म्हणायची.

तोवर, दिवाळीत अमेरिकेहून येणाऱ्या भावाला काही सांगायचंच असेल तर असं सांगा: पुठ्ठ्याची किट आण, पॅराशूट आण, आल्टिमीटर आण. मोटर आणि तिचा इग्नायटर तिकडेच ठेव, चेक-इन बॅगेतही नको. इथे आल्यावर दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, सायकलचा पंप आणि पाव बाटली पाणी घेऊ. पाण्याचं रॉकेट सहज चार-पाच मजले वर जातं. फक्त पंप मारताना बाटलीपासून लांब उभं राहा आणि प्लास्टिकला चीर पडली असेल तर ती बाटली टाकून द्या.